जाहिरात आणि गिऱ्हाईक

जाहिरातीवर बोलायचे म्हणजे मुंबईतल्या मोठ्या कंपन्या, वर्तमानपत्रांची रंगीत पाने, चकचकीत चित्रे ह्यांपासून सुरुवात करावी असे कुणालाही वाटेल. मी मात्र आठवड्याच्या बाजारापासून सुरुवात करणार आहे. कारण जाहिरातीची सगळी विद्या मला आमच्या बाजारातल्या एका गारुड्याने शिकवली. ती विद्या होती हे समजायला पुढे पुष्कळ वर्षे लागली, ही गोष्ट वेगळी.

सापाच्या खेळाला त्या वेळी आजच्यासारखा कायद्याचा धाक नव्हता. बाजाराच्या कडेला चिंचेखाली हा गारुडी बसे. पुढ्यात दोन पेटारे आणि खुंटीला बांधलेले एक मुंगूस. आधी डमरू वाजे. लोक वळून पाहत. मग तो हाळी देई, "साप-मुंगसाची लढाई बघा!" झाले, हातातल्या पिशव्या सांभाळीत माणसे गोल करून उभी राहत. साप बाहेर येई, फणा काढी. पण मुंगूस काही सुटत नसे. लढाईच्या आधी गारुड्याला दोन शब्द बोलायचे असत. तो एका तरण्याबांड पोराची हकीकत सांगे. रात्रीची वेळ, ज्वारीचे रान, पायाला काहीतरी थंडगार लागले, आणि सकाळी घरात रडारड. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. मग झोळीतून एक मुळी निघे. ही मुळी दाराला बांधली की साप उंबरा ओलांडत नाही. मुळीला मोल नाही, गुरूची दक्षिणा म्हणून फक्त चार आणे! कोणी हलायच्या आत मागून एक जण पुढे येई. "मला दोन द्या. मागच्या वर्षी नेली होती, लई गुण आला." त्याच्यामागून दहा हात पुढे होत. तो पहिला माणूस गारुड्याचाच होता, हे मला दुसऱ्या गावच्या बाजारात त्याला पुन्हा दोन मुळ्या घेताना पाहिले तेव्हा कळले. मुंगूस खुंटीलाच बांधलेले राही.

माझ्या आजीने ती मुळी घेतली होती. चार आणे गेले, त्याचे काही नाही. पण मुळी दाराला बांधल्यापासून आजी रात्री गोठ्यात जाताना कंदील नेईनाशी झाली. "मुळी हाय की दाराला," म्हणायची. माझ्या वडिलांनी एके दिवशी मुळी चुलीत घातली आणि कंदील तिच्या हातात दिला. मुळीची किंमत चार आणे होती असे आजी समजत होती. खरी किंमत कंदील होती. आजचे माझे सगळे बोलणे ह्या कंदिलाविषयी आहे.

आता गारुड्याने काय काय केले ते पाहा. डमरू वाजवून लक्ष वेधले. लढाईची आशा लावून माणसाला जागच्या जागी धरून ठेवले. भय घातले. त्या भयावर सोपा आणि स्वस्त उतारा दिला. आणि गर्दीतलाच एक साक्षीदार उभा केला. पुढे जाहिरातीवरची पुस्तके वाचली तेव्हा हेच सारे तिथे मोठ्या शब्दांत लिहिलेले आढळले.

डमरूचेच घ्या. १९५२ साली आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीते जवळजवळ बंद केली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी ह्यांचा आवाज ऐकायला गावोगाव लोक रेडिओभोवती बसत. ऐकायची ती गाणी, पण कार्यक्रमाचे नाव होते दातांच्या एका पेस्टचे. गाणी हा डमरू, पेस्ट ही मुळी. घरात राखुंडीने दात घासणाऱ्यांनाही ते नाव तोंडपाठ झाले. पुढे आकाशवाणीनेही धडा घेतला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर ह्या केंद्रांवरून विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. तेव्हा मी ज्या घरात बसून हे बोलतो आहे त्या घरातही डमरू वाजतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

तेच नाव पुन्हा पुन्हा कानांवर आले की काय होते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क ह्यांनी १९६८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अर्थ माहीत नसलेले शब्द आणि चिनी अक्षरे त्यांनी दाखवली; काही एकदा-दोनदा, काही पुष्कळ वेळा. मग विचारले, ह्यांतले चांगल्या अर्थाचे कोणते वाटते? जे अधिक वेळा पाहिले तेच लोकांना चांगले वाटले. अर्थ ठाऊक नाही, उपयोग ठाऊक नाही, नुसती ओळख झाली आणि तेवढ्यावर माणूस राजी झाला. एस.टी.च्या रस्त्याला एकाच सिमेंटचे नाव दर दोन मैलांवर भिंतीवर रंगवलेले असते ते उगीच नाही. घर बांधायला काढाल तेव्हा गवंडी विचारील, सिमेंट कोणते आणू? तुमच्या तोंडून जे नाव निघेल ते तुम्ही निवडलेले आहे असे तुम्हांला वाटेल.

पण ह्या साऱ्याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर डालड्याची कथा पाहावी. ती आपल्या मुंबईतच घडली.

वनस्पती तूप म्हणजे पातळ तेलातून निकेलच्या साह्याने हायड्रोजन वायू सोडून घट्ट केलेले तेल. परदेशातून हा माल आपल्याकडे येत असे. लिव्हर कंपनीने शिवडीला कारखाना काढला आणि १९३२ साली तो तिथेच तयार होऊ लागला. १९३७ च्या सुमारास 'डालडा' हे नाव आले. हॉलंडहून येणाऱ्या मालाचे नाव 'दादा' होते, त्यात लिव्हरचे 'ल' अक्षर घालून डालडा झाले, असे सांगतात. नाव जमले, पण पुढचा प्रश्न अवघड होता. आपल्या बायका तुपाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चोखंदळ. वास घेऊन, बोटावर चोळून, कणी पाहून तूप घेणाऱ्या. त्यांना हे तूपही नव्हे आणि तेलही नव्हे असे तिसरेच काही कसे पटवायचे?

मग १९३९ साली लिंटास ह्या जाहिरात कंपनीने मोहीम आखली. शिकलेल्यांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती. चित्रपटगृहात दाखवायला एक छोटा बोलपट. रस्त्यांतून फिरायला चक्क गोल डब्याच्या आकाराची मोटार. तिच्यामागे पोरे धावत असणार हे कुणी सांगायला नको. बाजाराच्या जागी मांडव घालून लोकांच्या डोळ्यांदेखत पदार्थ तळले जात. या, पाहा, वास घ्या, चाखून बघा. हातात पत्रक दिले जाई. खाणावळींना मोठा चौकोनी डबा, घरांना लहान गोल डबा. देशात इतक्या सर्व अंगांनी केलेली ही पहिलीच मोहीम असे जाणकार मानतात.

ह्यात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. गृहिणीच्या मनात पहिला प्रश्न होता, "हे तूप आहे का?" त्याचे उत्तर नाही असे होते. म्हणून मोहिमेने तो प्रश्नच बदलला. "ह्यात पुऱ्या तुपासारख्या तळल्या जातात का?" ह्याचे उत्तर मांडवात समोर कढईत फुगत होते! खोटे कोणी बोलले नाही. फक्त जो प्रश्न अडचणीचा तो मागे सारला आणि सोयीचा पुढे आणला. हुषार जाहिरात बहुधा असेच करते. धादांत खोटे बोलणारी जाहिरात पकडता येते. प्रश्न बदलणारी पकडणे फार कठीण.

विरोध झाला. गांधीजींनी वनस्पतीविरुद्ध लिहिले. बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. तुपात भेसळ होऊ लागली म्हणून सरकारने वनस्पतीत तिळाचे तेल मिसळायची सक्ती केली, म्हणजे भेसळ रासायनिक चाचणीत ओळखता यावी. पण डबा घराघरांत शिरलाच. आणि तो रिकामा झाल्यावरही बाहेर गेला नाही. कुणी त्यात तुळस लावली, कुणी धान्य मापले, कुणी तो पहाटे परसाकडे नेला. पैसे न घेता घरात राहणारी अशी जाहिरात दुसरी नसेल. शेवटी कुठल्याही कंपनीचे वनस्पती घ्या, गिऱ्हाईक वाण्याला म्हणे, "अर्धा किलो डालडा द्या." वस्तूला कंपनीचे नाव पडले की वाण्यालाही पर्याय दाखवायचे कारण उरत नाही. आजही पुष्कळ घरांत दातांची पेस्ट म्हणजे कोलगेट आणि कपड्यांची पावडर म्हणजे सर्फ.

मग कंदील कुठे गेला? गेला तो गावच्या घाण्यावर. तळणासाठी करडईचे, शेंगदाण्याचे तेल नेणारी माणसे हळूहळू डब्याकडे वळली. ज्या पद्धतीने तेल घट्ट होते त्यात एक विशिष्ट स्निग्धांश तयार होतो, त्याला ट्रान्स फॅट म्हणतात. तो हृदयाला घातक आहे हे पुढे सिद्ध झाले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत ह्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर असू नये असा नियम केला. १९३९ च्या जाहिरातदाराला हे माहीत नव्हते, तेव्हा त्याला दोष देणे न्यायाचे नाही. पण जिला बोटावर चोळून तूप पारखता येत होते तिने ती पारख डब्यावरच्या नावावर सोडून दिली, हे खरे आहे. आणि नावाला वास नसतो.

भयाचे आणि लाजेचे तसेच. १९७५ साली एक गोरे करणारे मलम बाजारात आले, 'फेअर अँड लव्हली'. काळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, मलम लावले की सगळे आहे, अशा गोष्टी त्याच्या जाहिरातींतून कैक वर्षे सांगितल्या गेल्या. सावळी मुलगी आपल्या घरात काही १९७५ साली जन्माला आली नाही. स्थळ पाहायला येणारी मंडळी रंगावर बोलत, हेही जुनेच. जाहिरातीने ती जुनी जखम शोधून काढली आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली. २०१४ साली जाहिरात व्यवसायाच्याच नियामक मंडळाने सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत असा नियम घातला. २०२० साली नावातला 'फेअर' हा शब्द गेला आणि 'ग्लो' आला. शिक्षकांना मी विचारतो, तुमच्या वर्गात शाळेच्या फोटोच्या दिवशी मागच्या रांगेत लपणारी मुलगी आहे का? तिच्या हातातला कंदील कोणी काढून घेतला असेल?

आता शेतकरी बंधूंसाठी थोडे. आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने कपाशीसाठी पिकाचे टॉनिक आणले. भिंतीवर जाहिरात होती, दुकानात फोटो होता. फोटोत फेटा बांधलेला शेतकरी, त्याच्याहून उंच झाड, बोंडांनी लगडलेले. बाटलीची किंमत बेताची नव्हती. पण फवारणीनंतर पाने हिरवीगार दिसू लागली आणि ह्या गृहस्थाने नत्राचा दुसरा हप्ता दिलाच नाही. बाटलीत सगळे आहे असे त्याला वाटले. ऐन बोंडे भरायच्या वेळी झाड उपाशी पडले. नुकसान बाटलीच्या किंमतीचे नव्हते, न दिलेल्या खताचे होते. त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी त्याने व्याजाने पैसे काढून भरली.

फोटोतला शेतकरी खोटा असेलच असे नाही. हजार जणांनी औषध मारले तर दहा जणांचे पीक झकास येणारच. जमीन चांगली, पाऊस वेळेवर. त्या दहांतल्या एकाचा फोटो निघतो. ज्याचे बुडाले त्याच्या शेतात कॅमेरा घेऊन कोणी जात नाही. म्हणून फोटोला पुरावा समजू नये. पुरावा आपल्याच शेतात तयार करता येतो, आणि त्याला फार खर्च नाही. नवीन औषध आणले तर साऱ्या रानावर मारू नये. मधल्या चार ओळी तशाच सोडाव्या, दोन्ही टोकांना काठी रोवून खूण करावी. त्या ओळींत टॉनिक नाही. बाकी खत, पाणी, खुरपणी सगळे सारखे. वेचणीच्या वेळी त्या चार ओळींचा कापूस वेगळा वजन करावा आणि शेजारच्या चार ओळींचा वेगळा. तराजू बोलेल ते ऐकावे. कृषी विद्यापीठातले प्रयोग मुळात ह्याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे हे अनेक जागी, पुन्हा पुन्हा करतात. आपणही शेजारच्या दोघांना बरोबर घेतले तर उत्तमच.

ह्या टॉनिकांना फार काळ नीट कायदाच नव्हता. २०२१ साली 'जैवउत्तेजके' ह्या नावाने ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. बियाण्याचे बरे आहे. तिथे पिशवीला लेबल असते. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. उगवण किती टक्के, चाचणी कधी झाली, मुदत कधी संपते हे त्यावर असते. पिशवीवरचे कणीस कितीही मोठे छापलेले असो, वाचायची ती चिठ्ठी. पेरणी झाल्यावर पिशवी, चिठ्ठी आणि पावती पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. थोडे बियाणेही बाजूला ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर ह्यावाचून कोणी ऐकत नाही.

किंमतीच्या युक्त्यांवर जास्त बोलत नाही. त्या बायकांना माझ्याहून अधिक कळतात. एवढेच सांगतो की बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो आणि आतले वजन घटत जाते. किंमत आपल्या ध्यानात राहते, ग्रॅम राहत नाहीत. लहान पुडी नेहमी महागच पडते असेही समजू नका. शांपूच्या बाबतीत कधी कधी बाटलीपेक्षा पुडी स्वस्त पडते. भागाकार करून पाहावा हे उत्तम. पाचवीच्या गुरुजींना त्रैराशिकाला ह्याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचे मात्र सांगितले पाहिजे. उंची वाढते, बुद्धी वाढते, अशा जाहिराती ऐकून आमच्याकडे अशी घरे झाली आहेत की दूध सगळे डेअरीला जाते आणि त्या पैशातून डबा येतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' ह्या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. डब्याच्या मागच्या बाजूला शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचा. म्हशीचे दूध दारात असताना कंदील विकून मुळी घेतल्यासारखे आहे हे.

जाहिरात वाईटच असते असे मात्र मी म्हणणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत गावागावांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो समजे. पोलिओच्या दोन थेंबांची हाकही डमरूच होती, भयही होते, अमिताभ बच्चन हे साक्षीदारही होते. पण भय खरे होते आणि उतारा खरा होता. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. साधन तेच. ज्याच्या हातात ते आहे त्याला काय हवे आहे, एवढे विचारायचे.

ह्या साधनाने अलीकडे नवे रूप घेतले आहे. भिंतीवरची जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसे. मोबाईलमध्ये तसे नाही. काल तुम्ही गुडघेदुखीवर काही शोधलेत की आज गुडघ्याच्या तेलाची जाहिरात तुमच्यासमोर येते, शेजाऱ्याला येत नाही. गर्दीतल्या प्रत्येकाचे दुखणे आधीच ठाऊक असलेला गारुडी समजा. आणि 'माझ्या बहिणीची साखर ह्याने गेली' असे सांगणारा व्हिडिओ पाठवणारे तुमचेच पाहुणे असतात, त्यामुळे साक्षीदारावर संशय घेणेही जड जाते. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशा रोगांवर अमुक औषधाने गुण येतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा अशी जाहिरात दिसली की ती खरी का खोटी ह्याचा विचार करीत बसण्याचे कारण नाही.

ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत काम करणाऱ्या नामांकित माणसालाही दंड होऊ शकतो, वर्षभर जाहिरात करायची बंदीही येऊ शकते. म्हणजे गर्दीतल्या त्या पहिल्या माणसाचीही आता जबाबदारी आहे.

शिक्षकांना एक उद्योग सुचवतो. मी स्वतः तो पुष्कळ वर्षे केला आहे. सातवीच्या मुलांना शाळेभोवतालच्या दहा झाडांची आणि दहा साबणांची नावे लिहायला सांगा. साबणांचा कागद आधी भरतो. ते पाहून मुलांना रागावू नका, आपलेही तसेच होते. मग आठवडाभर घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगा. पुढची बाजू एकाने मोठ्याने वाचायची आणि मागची बाजू दुसऱ्याने. पुढच्या बाजूला आंबा असतो आणि मागे आंबा किती टक्के ते असते. पहिल्या दिवशी हशा होतो. दुसऱ्या आठवड्यापासून मुले वाण्याच्या दुकानात पुडा उलटा करून पाहू लागतात. आमच्या गावचा दुकानदार माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता, "गुरुजी, पोरं माल घेत नाहीत, वाचीत बसतात."

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीतही बोलता येते. फोन करताना पावती जवळ ठेवा. वस्तूचे नाव, तारीख, दुकानाचे गाव हे सगळे विचारतात.